तड्यावरचा अंगठा

होळी झाली की आमच्याकडचा वारा लाकडाच्या मागं लागतो. दाराच्या फळ्यांत करंगळी जाईल एवढी फट पडते. बसायच्या पाटाचा पाय डुगडुगतो. पीठ मळायची काठवट काठापासून तडकते. माणसांच्या टाचा फुटतात, ओठ फुटतात, आणि जो तो वाऱ्याला शिव्या देतो. यंदाही तसाच सुटलाय. परवा सुनेनं काठवट माझ्यापुढं धरली. म्हणाली, "आत्या, तडा गेला हिला. टाकून द्यायची का?"

मी म्हटलं, "तुझ्या टाचंला बी गेलाय. तुला टाकली का?"

ती हसली. मी काही हसण्यासाठी बोलले नव्हते. वस्तूला तडा गेला की माणसाला दोनच गोष्टी सुचतात, टाकून देणं नाहीतर झाकून ठेवणं. तड्यासकट वापरणं कुणाला नको असतं, कारण मग रोज सकाळी उठून त्याच्याकडं बघावं लागतं. मी बघितलंय. तडकलेल्या सनईबरोबर माझा निम्मा संसार झाला. उरलेला निम्मा ती वाजवणाऱ्याबरोबर.

मी मूळची कऱ्हाटीची. इंदापूरच्या बाजूला, वरकुट्याच्या पलीकडं माळावर एक गाव आहे, तिथं सनईवाल्यांच्या घरात मला दिली. सासऱ्यांच्या वडिलांनी एक शिसवी सनई भैरोबाच्या नावानं करून घेतली होती. काळीभोर, खाली पितळी पेला. चैत्रातल्या जत्रेत पालखीपुढं तीच वाजायची, दुसरी चालायची नाही. मी लग्न होऊन आले तेव्हाच तिला खालून केसासारखा बारीक तडा होता. सासूनं पहिल्याच उन्हाळ्यात मला तो दाखवला. घरातला दागिना दाखवावा तसा नाही, घरातला आजारी माणूस दाखवावा तसा.

सनईचं सगळं बायकांकडं होतं. कोरड्या दिवसांत ती पाण्याच्या रांजणावरच्या खुंटीला टांगायची, म्हणजे तिला थोडा गारवा लागतो. कोंबडीचं पीस तेलात बुडवून आतून फिरवायचं. तड्यावर मेण बोटानं चोळायचं. कडक काही भरायचं नाही, लाख नाही, डिंक नाही. उन्हाळ्यात तडा उघडा असताना त्यात कडक भरलं तर पावसाळ्यात लाकूड फुगतं, त्याला जागा मिळत नाही, आणि ते भलत्याच ठिकाणी फुटतं. काठवट वापरणाऱ्या कुठल्याही बाईला हे माहीत असतं. ज्या घरात पुरुष काठवटीला हात लावत नाहीत त्या घरात ते पुरुषांना माहीत नसतं.

वर्षभर तेल घालायला, पुसायला, फुंकर मारून धूळ काढायला बाईचा हात चालायचा. सनई देवापुढं निघाली की तोच हात विटाळाचा. सकाळी मीच पुसून द्यायची आणि संध्याकाळी माझा पदर तिला लागू नये म्हणून मी बायकांच्या घोळक्यात मागं उभी राहायची. कुणाला याचं काही वाटत नव्हतं. मलाही वाटत नव्हतं, खोटं कशाला बोलू. वाटायला वेळ लागतो, आणि तो भाकऱ्यांत जायचा.

पावसाळ्यात तडा मिटायचा. बोट फिरवून कळायचा नाही. मग आमचे मालक दरवर्षी खुशीत म्हणायचे, "भरली बघ आता. ह्यापुढं काळजी न्हाय." काही भरत नव्हतं. लाकूड फुगायचं आणि तडा गप्प बसायचा. दिवाळी उलटली की पुन्हा तोंड उघडायचा. मालक पुन्हा चेहरा पाडून बसायचे, जणू पहिल्यांदाच झालं. माणूस चांगला होता, पण दरवर्षी नव्यानं फसायचा.

मी सांगतेय ती वर्षं नव्वदच्या पुढची. बारामतीकडं सगळा ऊस झाला होता. कालव्याचं पाणी, जिकडं बघावं तिकडं हिरवं, हवा ओल्या गोणपाटासारखी. तिकडच्या लग्नात आमची सनई जाड, भरल्या अंगाची वाजायची. तीच सनई एसटीतून माळावर परत आली की रात्रीतून सुकायची, दुसऱ्या दिवशी तिचा आवाज बारीक आणि चिरका. वालचंदनगरला कंपनीच्या क्वार्टरमध्ये एकदा लग्नाची सुपारी होती. तिथल्या एका बाई डोळे पुसत म्हणाल्या, "सनई रडते ना हो अगदी." सनई रडत नाही. सनई गळते. तड्यातून वारा जातो, त्याचा तो आवाज. पण नवरी निघाली की लोकांना रडायला काहीतरी लागतं, तर सनईवर ढकलतात.

आता लग्नात सनई भोंग्यातून वाजते. नाहीतर फोनमधून. तिला तडा जात नाही. जाणार कशाला, ती कुठं उन्हात येते?

तर त्या साली फाल्गुनात वारा असा सुटला की रांजणावर टांगूनही सनईचा तडा नखाएवढा उघडला. जत्रा आठवड्यावर आलेली. गावचा नियम असा होता, आणि तो सगळ्यांना पाठ होता, की वेशीपासून देवळापर्यंत पालखीपुढचा सूर तुटता कामा नये. तुटला तर त्या घराचा मान गेला, तो दुसऱ्या घराकडं. मान म्हणजे काय, तर एक नारळ, एक फेटा आणि नैवेद्याचं पहिलं ताट. त्या नारळात खोबरं कधी धड निघालं नाही. पण जत्रेत जो पुढं वाजवतो त्यालाच आसपासची गावं लग्नाला बोलावतात. तो मान गेला असता तर आमचं घर सनईचं राहिलं नसतं. मालकांना दुसरं काही येत नव्हतं. शेती असून नसल्यासारखी, आणि नांगर धरला तर त्यांची तासं वाकडी जायची.

माझा धाकटा दीर नामदेव उसाची बैलगाडी हाकायचा. मनानं साधा, आणि साध्या माणसाइतका नासधूस करणारा कुणी नाही. उन्हाळ्यात गाडीची चाकं सुकतात, चाकाभोवतीची लोखंडी धाव ढिली होते, म्हणून गाडीवाले चाक काढून रात्रभर पाण्यात ठेवतात. चाकाला पाणी पाजणं म्हणतात. नामदेवानं विचार केला, चाकही लाकूड, सनईही लाकूड. रात्री त्यानं सनई खुंटीवरून काढली आणि शेताच्या पाटात दगडाखाली दाबून ठेवली.

सकाळी घेऊन आला तो असा, की लढाई जिंकून आला. "वयनी, बगा. तडा दावा कुठं हाय तो."

तडा नव्हता. सनई म्हशीच्या पाठीसारखी चकचकत होती. मालकांनी तोंडाची पत्ती लावून फुंकली तर आवाज असा आला की शेजारची माणसं दारात आली. दोघं भाऊ एकमेकांकडं बघून हसत बसले.

मी म्हटलं, "भावजी, आता हिला वल्या गोणपाटात गुंडाळून सावलीला ठिवा. हळूहळू वाळू द्या."

"चाक कोण ठिवतंय व्हय गोणपाटात?"

"चाकाला लोखंडाची धाव असती. ती धरून ठिवती. हिला कोण धरणार?"

"वयनी, तुमी भाकरी बगा." असं म्हणून त्यानं सनई ओट्यावरच्या खिळ्याला टांगली. ऊन तिथं सकाळपासून असतं. मालक अजून हसतच होते. चांगला आवाज ऐकल्यावर माणसाला शहाणपण ऐकू येत नाही.

दुपारी तुरीची शेंग तडकावी तसा टक् आवाज झाला. मी चुलीपुढून उठले नाही. मला बघायची गरजच नव्हती. पितळी पेल्यापासून निघालेला तडा वर चढून खालच्या दोन भोकांच्या मधून गेला होता. त्यातून आत उजेड जात होता.

नामदेव रडला. त्याच्या रडण्याचं मला काही करता येण्यासारखं नव्हतं, म्हणून त्याला बैलांना पाणी दाखवायला पाठवला.

सगळ्या गावाला बातमी लागली. जो येईल तो अक्कल पाजळायचा. सुतार म्हणाला, पांढरा डिंक भरून दाबून ठेवा. सोनार म्हणाला, तांब्याचं कडं बसवतो. एक जण तर म्हणाला, देवाला कौल लावा. मग मालकांचा चुलतभाऊ बबन आला. बबन मालकांच्या मागं उभा राहून दुसरी सनई धरायचा, जिच्यावर एकच सूर सारखा लावून ठेवायचा असतो. किती वर्षं एकच सूर! गाल फुगवून फुगवून त्याचा चेहरा कायमचा रागावल्यासारखा झाला होता. मान आमच्या घरातून सुटला तर तो त्याच्याच घरात जाणार होता.

ओट्यावर टेकला आणि म्हणाला, "दादा, ऐकलं ते खरं हाय का?"

"काय ऐकलंस?" मालकांनी विचारलं.

"न्हाय, तब्येत बरी न्हाय म्हणं."

"कुणाची?"

"सनईची."

मी आतून म्हटलं, "बबनराव, च्या घ्या आन् जावा घरला. मयत झाली की सांगावा धाडू."

त्यानं चहा घेतला. दुखवट्याला आलेला माणूसही चहा सोडत नाही.

मी डिंक भरू दिला नाही. भोकांच्या खाली मेणाचा रेशमी दोरा ओढून ओढून गुंडाळला. पण दोरा भोकांवरून नेता येत नाही, नाहीतर बोटं कुठं ठेवायची? दोन भोकांच्या मधला तडा उघडाच राहत होता. तिथं मेणात काजळी मळून दाबली. मालकांनी घरात वाजवून बघितली. खालचा सूर लागला. त्यांना वाटलं, झालं. मला माहीत होतं, घरात गार आहे.

जत्रेच्या दिवशी पालखी वेशीतून निघाली तेव्हा उन्हं कलली होती, पण चैत्रातलं ऊन कललं तरी ऊनच. पुढं हलगीवाले, मग मालक आणि त्यांच्या मागं बबन, मग पालखी. आम्ही बायका वाटेच्या कडेनं चालत होतो. माझं लक्ष देवाकडं नव्हतं. मी मेणाकडं बघत होते. चावडीच्या अलीकडं ते चकाकायला लागलं. चावडीपाशी आलो आणि एक काळा ओघळ मालकांच्या धोतरावर उतरला.

खालचा सूर गेला. फुस् झालं. मालकांनी लगेच वरच्या भोकांवर उडी मारली आणि वरच्यावरच वाजवायला लागले. हात मोडलेला माणूस एका हातानं जेवतो तसं. बाकीच्यांना कळलं नाही. लोक जत्रेत ऐकायला थोडेच येतात, ते दिसायला येतात. पण गावचे पंच भगवानतात्या पालखीला हात लावून चालत होते, त्यांच्या भुवया वर गेल्या. आणि मला बबनचा पाय दिसला. त्यानं एक पाऊल पुढं टाकलं होतं. मालकांची छाती भात्यासारखी चालत होती. वरच्या सुरांना दम जास्त लागतो. ते देवळापर्यंत पोचणार नव्हते, आणि ते त्यांना कळलं होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. डोळे मिटून घेतले. वासराला पकडायला गेलं की ते डोळे मिटतं तसे.

त्या मिटलेल्या डोळ्यांचा मला राग आला. दुसऱ्या कशाचा नाही. भक्तीबिक्ती म्हणून मी पुढं गेले नाही, हे लिहून ठेवते, कारण पुढं त्याच्या नावानं बरंच काही सांगितलं गेलं.

मी घोळक्यातून बाहेर आले, अंगठा जिभेवर ओला केला आणि दोन भोकांच्या मधल्या तड्यावर आडवा दाबला. म्हटलं, "आता खालचा घ्या."

त्यांनी घेतला. लागला.

हलगीवाल्याचा एक ठोका चुकला. बायकांतून कुणीतरी "अगं बाई" केलं. मग नुसती सनई आणि धूळ. आम्ही चालायला लागलो. त्यांचं कोपर माझ्या बरगडीत टोचत होतं, माझ्या अंगठ्याखाली गरम मेण. इतकी वर्षं मी त्या सनईला तेल घातलं होतं, पण वाजत असताना तिला हात लावला नव्हता. ती वाजताना आतून थरथरते. पिठाच्या गिरणीत भिंतीला हात लावला की कळतं, तसं. त्यात काही स्वर्ग नव्हता. पण कुणी मला हे आधी सांगितलंही नव्हतं, याची मात्र चीड आली.

देवळापर्यंत सूर तुटला नाही. पालखी टेकली आणि गलका सुरू झाला.

"इटाळ झाला," बबन ओरडला. "बाईचा हात लागला. मान गेला!"

"सूर कुठं तुटलाय?" नामदेव ओरडला. त्या आठवड्यातलं त्याचं तेवढंच शहाणं बोलणं.

भगवानतात्या मला म्हणाले, "तुला कळतंय का काय क्येलंस ते?"

मी म्हटलं, "तात्या, गळत हुतं. बूच लावलं."

मालक सनई छातीशी धरून उभे होते. हा माणूस पंचांपुढं कधी मान वर करून बोलला नव्हता. माझ्यापुढंही नाही. ते म्हणाले, "तात्या, हिचा अंगठा काढला तर सूर न्हाय. अंगठा ठिवला तर इटाळ. दोन्हीतलं काय पायजे ते तुमी ठरवा. मी ठरवलंय."

असं म्हणून ते देवळाच्या पायरीवर बसले आणि पाणी मागितलं. मी तांब्या दिला. तेवढं एक बोलणं त्यांच्या नावावर जमा आहे. ते मी काढून घेणार नाही.

पंच पेचात पडले. नियमात सूर तुटण्याचं होतं, बाईच्या अंगठ्याचं नव्हतं. विटाळ म्हणावं तर पालखी तशीच देवळात आलेली, म्हणजे देवही बाटला म्हणायचा, आणि मग जत्राच मोडली. नैवेद्य निवत होता. माणसं उपाशी होती. भूक लागली की धर्माला वाट सापडते. भगवानतात्यांनी बराच वेळ मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "द्येवानंच बलावली असंल तिला. न्हायतर बाईची हिंमत व्हईल का?"

सगळ्यांनी माना हलवल्या. बबननंही हलवली, कारण ताटं वाढायला घेतली होती.

मला वाटलं, मिटलं. पुढच्या चैत्रापर्यंत मालकांनी दोन भोकांच्या मधला तडा मेण भरत कसातरी सांभाळला होता, अंगठ्यावाचून भागत होतं. पण जत्रेच्या आदल्या दिवशी तात्यांचा निरोप आला, न्हाऊन ये. देवानं एकदा बोलावलं आणि दुसऱ्यांदा बोलावलं नाही, असं झालं तर पहिलं खोटं ठरतं. पंचांना खोटं ठरायचं नव्हतं. म्हणून मी पुन्हा अंगठा लावला. त्याच्या पुढच्या वर्षी कुणीतरी अंगठ्याला हळदकुंकू लावलं. मग कुणीतरी हिरवं लुगडं दिलं. मग आसपासच्या बायका पोराच्या कपाळाला तो अंगठा लावून घ्यायला लागल्या. मी लावायची. मेणाचा काळा डाग पोराच्या कपाळावर उमटायचा आणि आया धन्य व्हायच्या.

लग्नाच्या सुपाऱ्या त्यापुढं बँजोवाल्यांनी खाल्ल्या, तो भाग वेगळा. मान राहिला आणि काम गेलं. मानाचं असंच असतं.

मालक गेले. सनई त्यांच्यामागं थोडे दिवस टिकली आणि एका उन्हाळ्यात उभी दोन झाली. लोक म्हणाले, मालकाच्या दुःखानं फुटली. तिला रांजणावर टांगायचं थोरल्या पोराच्या लक्षात राहिलं नाही म्हणून फुटली. पंचांनी देवाच्या नावानं दुसरी आणली. नवं लाकूड, गुळगुळीत, कुठं केसाएवढी चीर नाही. आता पोरगा वाजवतो आणि सून हिरवं नेसून शेजारून चालते. अंगठा जिभेवर ओला करते आणि दोन भोकांच्या मधे ठेवते, धडधाकट लाकडावर. त्यानं पोराचं बोट नीट बसत नाही आणि खालचा सूर थोडा चढतो. मी सांगितलं. कुणी ऐकलं नाही. जत्रेला आलेल्यांना गावातली पोरं छाती फुगवून सांगतात, ही सात पिढ्यांची चाल आहे, सनईला घरच्या लक्ष्मीचा हात लागल्याशिवाय भैरोबा हलत नाही.

गेल्या साली सून बाळंतपणाला माहेरी होती. मी चुलीपाशी बसले होते. भगवानतात्यांचा मुलगा धापा टाकत दारात आला. बापाच्या जागेवर आता तोच आहे. बापानं मला दरडावलं तेव्हा हा तिथंच उभा होता, चांगला कळता होता.

"काकू, पालखी वेशीत उभी हाय."

"मग?"

"अंगठा पायजे."

"नव्या सनईला तडा न्हाय रे बाबा. आन् मालक गेल्यावर माझा चालतोय व्हय?"

"तडा नसू दे, काका नसू दे. अंगठ्याबिगार कशी न्यायची? पिढ्यान् पिढ्यांचं हाय हे."

"कुणाच्या पिढ्यांचं?"

"आपल्या," तो म्हणाला. खरं वाटत होतं त्याला. डोळ्यांत खोटेपणा असता तर मी त्याला थोडं तरी मानलं असतं.

"भाकऱ्या झाल्या की येते," मी म्हटलं.

"काकू, खांदेकरी उन्हात उभं हायत. खांदं गेलं त्येंचं."

"खांदा बदलायला सांग."

तो दारातच उभा राहिला. आत यायची त्याची हिंमत झाली नाही आणि परत जायचीही नाही. वेशीकडून हलगी एकाच जागी वाजत असलेली ऐकू येत होती. मी तव्यावरची भाकरी उलटली आणि पुढची थापायला घेतली.